हॉटेलच्या कचऱ्यात ब्लेड मोकळं टाकू नका

खोली साफ करणाऱ्या ताई कचऱ्याची पिशवी बऱ्याचदा हातानेच दाबून तिला गाठ मारतात. आत मोकळं ब्लेड किंवा इन्सुलिनची सुई असली, तर ती थेट तळव्यात घुसते. म्हणून ब्लेड जाड कागदात गुंडाळा. सुया झाकणाच्या टणक प्लास्टिक बाटलीत भरा आणि ती बाटली रिसेप्शनवर सांगून द्या. ग्लास फुटला तर फोन करा, म्हणजे त्या झाडू-सुपली घेऊनच येतील.

ओले टॉवेल गादीवर नकोत.

टिप मात्र रोजच्या रोज द्या. शेवटच्या दिवशी ड्युटीवर दुसरीच कुणी असू शकते. टेबलावर नुसती नोट ठेवली तर आळ येईल या भीतीने कित्येक जणी हात लावत नाहीत. सोबत चिठ्ठी ठेवा : ‘ताई, हे तुमच्यासाठी.’