पंख कुठल्या हाडाला जोडलाय? काल्पनिक पात्रं घडवू पाहणाऱ्या चित्रकारांसाठी

नवशिक्याच्या स्केचबुकात पंखवाला योद्धा हमखास सापडतो, आणि त्याचे पंख तितक्याच हमखास पाठीला चिकटवलेले असतात. पिसं सुरेख, सावल्या सुरेख, पण पंख कुठून फुटलाय ते कळत नाही. पाहणारा शरीररचना शिकलेला नसतो. तरी त्याने जन्मभर चालती-फिरती शरीरं पाहिलेली असतात, त्यामुळे काहीतरी खटकतं हे त्याला लगेच जाणवतं.

पंख म्हणजे मुळात हातच: दंड, कोपर, मनगट, बोटं. वटवाघळाची बोटं लांब वाढलेली असतात आणि त्यांच्यात पडदा ताणलेला असतो. पक्ष्याची बोटं आखूड होऊन जुळलेली असतात आणि उड्डाणाची मोठी पिसं कोपरापुढच्या हाडांवर रुजलेली असतात. माणसाचे दोन हात ठेवून वर दोन पंख द्यायचे, तर खांद्यामागच्या चपट्या हाडाची, म्हणजे फऱ्याची, दुसरी जोडी लागणार. ती पहिलीच्या खाली बसवा, धड साधारण अर्ध्या डोक्याएवढं लांबवा आणि छाती पुढे काढा. पंख खाली मारणारा स्नायू छातीवर असतो. चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यांत छातीचे स्नायू शरीराच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भरतात. सडपातळ नायकाच्या पाठीवरचे भव्य पंख खोटे दिसतात ते यामुळे.

भटक्या अल्बट्रॉसचे पसरलेले पंख साडेतीन मीटरपर्यंत जातात आणि तो पक्षी साधारण १० किलोंचा असतो. माणसाला तरंगत नेणाऱ्या हँग ग्लायडरचा पसारा १० मीटरच्या आसपास. तुम्हीही एवढेच काढा असं नाही. आपल्याला भौतिकशास्त्राचा पेपर सोडवायचा नाही. पण लहान पंख हवे असतील तर पात्र उडत नाही, कड्यावरून झेप घेऊन तरंगतं, असं ठरवून टाका. मग त्याला पुन्हा कड्यावर चढावं लागेल, म्हणजे बोटं आणि पोटऱ्या दणकट हव्यात. पंख मिटलेल्या अवस्थेचं थंबनेल, म्हणजे झटपट छोटं कच्चं चित्र, तर सगळ्यात आधी काढा. मनगटाचा कोपरा डोक्याच्या वर येतो, पिसांची टोकं घोट्यापर्यंत लोंबतात, आणि मग हा माणूस पाठ असलेल्या खुर्चीत बसणार कसा? बरीच डिझाइन्स इथेच कोसळतात.

एका पात्रात अशक्य गोष्ट एकच ठेवा आणि तिचे परिणाम हाडांपासून कपड्यांपर्यंत न्या. शिंगं, शेपूट, चार हात आणि पेटते केस एकत्र आले की कशाचेच परिणाम दाखवायला जागा उरत नाही.

पायांत होणारी चूक ठरलेली. घोड्याचा मागे वळलेला ‘गुडघा’ हा खरं तर घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ दडलेला असतो. कुत्रा-मांजर बोटांवर चालतात, घोडा खुरावर, अस्वल आणि माणूस पूर्ण तळव्यावर. खुरांचे पाय असलेलं पात्र काढताना मांडी आखूड, नडगी मध्यम आणि घोट्याखालचा भाग लांब ठेवा. उभं राहताना तोल जाऊ नये म्हणून खूर धडाच्या गुरुत्वमध्याखालीच यायला हवा. जलपरीचा प्रश्न याहून सोपा: मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन वर-खाली. माणसाचा कणा पुढे-मागे जास्त वाकतो, म्हणून शेपटीचा पंखा डॉल्फिनसारखा आडवा ठेवलात तर पोहण्याची हालचाल पटते.

राक्षस मोठा दिसत नाही ही तक्रारही नेहमीची. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढतं. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे सरळ आणि जाड असतात. तुमच्या महाकायाला वाकलेले, सडसडीत पाय दिलेत तर शेजारी कितीही छोटी घरं काढा, तो मोठा माणूसच वाटेल. डोकं लहान करा: सामान्य प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, महाकायाला नऊ-दहा चालतात. बुटक्या पात्राला चार-पाच डोकी दिली की ते लहान मूल दिसू लागतं. प्रौढ चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, लहान मुलात मध्याखाली. डोळ्यांची ही रेषा वर ठेवा, जबडा रुंद आणि हात मोठे काढा, वय लगेच वाढतं.

शिंगांबाबत आधी जात ठरवा. बैल-मेंढ्यांची शिंगं हाडाच्या गाभ्यावर चढलेलं खोळीसारखं आवरण असतात आणि जन्मभर टिकतात. हरणांच्या सांबरकुळातली फांद्यांची शिंगं निव्वळ हाडाची असतात आणि साधारण दरवर्षी गळून नवी येतात. दोन्ही प्रकारांना जाड मान हवी. शिंगवाला डोक्यातून सदरा घालू शकत नाही, म्हणून त्याचे कपडे पुढून उघडणारे. शेपूटवाल्याचा पट्टा शेपटीच्या मुळाच्या वर, आणि मागे झडप. असा एक तपशील नक्षीकामाच्या दहा पट्ट्यांपेक्षा जास्त काम करतो.

चिलखत अंगावर रंगवल्यासारखं काढू नका. आत गादीसारखा जाड अंगरखा असतो, तो काठांतून दिसू द्या. पूर्ण पोलादी चिलखत साधारण १५ ते २५ किलोंचं, लांब तलवार दीड किलोच्या आसपास. म्हणजे माणूस पळू शकतो, पण वजन खांद्यांवर आणि कमरेवर कुठे टेकलंय ते दिसायला हवं. खांद्यावरचा भलामोठा पत्रा एका चाचणीत नापास होतो: हात डोक्यावर उचललेली पोझ काढा, तो कानात घुसतो. झीजही विचारपूर्वक द्या. कडा घासतात, कोपरं विरतात, झग्याची खालची किनार चिखलाने भरते. एकच टेक्स्चर ब्रश सगळीकडे फिरवला की वस्तू जुनी वाटत नाही, नुसती घाण वाटते.

चोचीच्या चेहऱ्याला ओठांचे कोपरे नसतात, तेव्हा भाव तुऱ्यात, मानेत आणि डोळ्याच्या बाहुलीच्या आकारात शोधा. रंगांवर फार वेळ घालवू नका. आधी काळी-पांढरी-करडी अशा तीन छटांत पात्र वाचता आलं पाहिजे.

कामाचा क्रम साधा आहे. पात्र कुठे राहतं, काय करून पोट भरतं आणि हालचाल कशी करतं, हे तीन ओळींत लिहा. मग ४-५ सेंटिमीटर उंचीच्या २०-२५ निव्वळ काळ्या छायाकृती, प्रत्येकी दोनेक मिनिटांत. त्यातल्या तीन निवडा आणि प्रत्येकीखाली वेगळ्या लेअरवर सांगाडा काढा. सांगाडा बसत नसेल तर छायाकृती बदला, सांगाडा ताणू नका. रेफरन्स याच टप्प्यावर जमवा, आणि इतरांनी काढलेल्या कल्पनाचित्रांऐवजी प्राण्यांचे, सांगाड्यांचे, खऱ्या कपड्यांचे फोटो घ्या. नाहीतर दुसऱ्याच्या चुका तुमच्याकडे येतात.

पोर्टफोलिओत समोरून उभी वीस पात्रं ठेवण्यापेक्षा तीन पात्रं शेवटपर्यंत नेलेली बरी: समोरून, पाऊण (समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून), बाजूने आणि मागून, शिवाय सहा भाव आणि बकला-बंदांचे जवळून तपशील. चारही दृश्यं एकाच जमीनरेषेवर ठेवा आणि माथा, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा, घोटा यांतून आडव्या रेषा न्या. हात धडापासून तिरके, साधारण ४५ अंशांवर. ए४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० × ३५०८ पिक्सेल भरतं. चार दृश्यांसाठी ते आडवं वापरा. शिंग समोरून मागे वळलेलं आणि बाजूने सरळ वर गेलेलं, असा विसंवाद थ्रीडी मॉडेल करणाऱ्याला पहिल्याच तासात सापडतो. तो आधी पकडायचा असेल तर मातीचं बोटभर शिंग वळा आणि त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून त्यावरून रेषा घ्या.