ताजमधली चित्रं पाहायला खोली घ्यावी लागत नाही

मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये एकदा राहावं, तिथली चित्रं निवांत पाहावीत, असं खूप जणांच्या मनात असतं. आड येतं ते एका रात्रीचं भाडं. त्यावर तोडगा दुपारच्या चहाचा.

१. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये शनिवार-रविवार टाळून टेबल राखून ठेवा. फोनवरच 'खिडकीजवळचं' असं सांगा, म्हणजे समोर गेटवे दिसेल. पेहरावाचा नियमही तेव्हाच विचारून घ्या.

२. अर्धा तास आधी पोचा. दारावर सुरक्षा तपासणी होते, मोठी पिशवी नकोच. लॉबीत चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं चित्र आहे, तिथे घाई करू नका. आधी लांबून पूर्ण चित्र पाहा, मग जवळ जाऊन रंगांचे फटकारे.

३. बजेट ठरवताना मेनूतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. ३,००० रुपयांच्या ऑर्डरला ५४० रुपये जास्त. इथेच अनेकांचा हिशेब चुकतो.

चित्रांची भूक उरली तर जहांगीर कलादालन पायी गाठता येतं, प्रवेश मोफत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयही तिथेच जवळ. ते सोमवारी बंद, म्हणून मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस निवडा.

खरंच राहणार असाल तर बुकिंग करतानाच निवासी पाहुण्यांसाठीच्या वारसा-फेरीची वेळ विचारा. १९०३ सालची ही वास्तू जाणकाराबरोबर पाहण्यातच खरी मजा आहे.

एक मात्र पाळा: खोल्यांकडे जाणारे मजले फक्त राहणाऱ्यांसाठी असतात. तिकडे जाऊ नका आणि चित्रांवर फ्लॅश मारू नका.