ठाण्याहून जव्हारला जाताय तर जुलैत नको, ऑक्टोबरात जा

पावसात सगळं ठाणे धबधब्यांवर लोटतं, पण जव्हार-मोखाड्याचा खरा सीझन पाऊस थांबला की सुरू होतो. दाभोसा धबधब्याला तेव्हाही भरपूर पाणी असतं, आणि उतारांवर खुरासणीची पिवळीधम्मक फुलं, खाली भात कापणीला आलेलं, मधेच नागलीची (नाचणीची) लालसर कणसं, हे बघायला तरी एकदा जाच.

महत्त्वाचं म्हणजे आल्या रस्त्याने परत येऊ नका. जाताना भिवंडी-वाडा-विक्रमगड करत जव्हारला पोचा, रात्री तिथेच रहा (गाव साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, रात्री गारवा असतो, पातळ स्वेटर ठेवा), दुसऱ्या दिवशी मोखाडा-खोडाळा करत कसाऱ्याला उतरा, हा टप्पा सगळा जंगलातून आणि वळणावळणाचा आहे म्हणून अंधार पडायच्या आत संपवा. पेट्रोल जव्हारलाच भरून घ्या आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करा कारण मधे रेंज जाते. कॅशही ठेवा.

जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान होतं, त्यांचा जयविलास पॅलेस आहेच, पण शिरपामाळही चुकवू नका, १६६४ ला सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते असं सांगतात.

वारली चित्र घ्यायचं असेल तर काढणाऱ्याकडूनच घ्या आणि प्लीज घासाघीस करू नका, तांदळाच्या पिठाने एकेक बारीक रेघ ओढायला किती वेळ लागतो ते शेजारी बसून बघा, ते आनंदाने दाखवतात.