जनुक बदललेल्या उंदरांचा अर्ज कसा वाचावा

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या संस्थेच्या नीतिसमितीत एक जागा शास्त्रज्ञ नसलेल्या, सामाजिक भान असलेल्या माणसासाठी असते. मी त्या जागेवर बसते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. उद्या तुम्हाला बोलावणं आलं तर बिचकू नका, पण नुसती मान डोलवायलाही जाऊ नका.

फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, हातात आला की आधी आकडा बघा. ‘प्रयोगासाठी २०’ लिहिलं असेल तर विचारा, जन्माला किती येणार? नर-मादी दोघांकडे बदललेल्या जनुकाची एकेकच प्रत असेल, तर दोन्ही प्रती बदललेलं पिल्लू सरासरी चारांत एक. अशी दोन स्वतंत्र जनुकं हवी असतील तर सोळांत एक. म्हणजे २० साठी सुमारे ३२० पिल्लं. उरलेल्या ३०० चं काय? काही भावंडं तुलनेसाठी लागतात, ती किती ते लिहून घ्या. बाकीची बहुतेकदा मारली जातात, आणि मला सगळ्यात जास्त छळतात ती हीच. दोन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती बदललेले उंदीर धडधाकट असतील, त्यांना पिल्लं होत असतील, तर त्यांचीच जोडी का लावत नाही? मग प्रत्येक पिल्लू कामाचं. हीच जात दुसऱ्या प्रयोगशाळेत तयार असेल तर गोठवलेलं वीर्य मागवता येतं. तेही विचारा.

मग यातना. एएलएस या स्नायू लुळे पाडत नेणाऱ्या आजारासाठी १९९४ पासून वापरात असलेला एसओडी१ उंदीर घ्या. त्याच्यात माणसातलं सदोष जनुक घातलेलं असतं. हळूहळू त्याचे मागचे पाय लुळे पडतात, जाळीतल्या खाण्यापर्यंत पोचता येत नाही. मऊ खाणं पिंजऱ्याच्या तळाशी ठेवणार का, पाण्याच्या बाटलीची नळी लांब लावणार का, हे अर्जात हवं. कुशीवर निजवल्यावर ३० सेकंदांत उलटता आलं नाही की त्याला वेदनारहित मरण द्यायचं, अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात. मला ती फार उशिराची वाटते. लक्षणं कधी सुरू झाली एवढंच मोजून प्रश्न सुटत असेल, तर प्राण्याला तिथवर का न्यायचं? आणि रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत त्याला बघणार कोण? नाव मागा. ‘कर्मचारी’ हे उत्तर घेऊ नका.

कानाचा कपटा ओळखीच्या खुणेसाठी काढतातच, त्याच तुकड्यावर जनुकाची तपासणी होते. शेपूट वेगळी कापू देऊ नका.

अगदी नवा बदल असेल तर तो पिल्लाला काय करेल, हे अर्जदारालाही आधी सांगता येत नाही. अशा वेळी परवानगी पहिल्या काही विणींपुरतीच द्या. पिल्लांच्या जन्मापासूनच्या पशुवैद्याच्या नोंदी घेऊन अर्जदाराला पुन्हा समितीपुढे यायला लावा. बाकीचे घाई करत असतील तर तुमचा विरोध इतिवृत्तात तुमच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि सही त्यानंतर करा.