नॅशनल गार्डमध्ये नवीन आहात? सिम्युलेटरवर गुणांपेक्षा रेघ बघा

अमेरिकेत ग्रीन कार्डवरही नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांच्या अर्धवेळ सैन्यात, सैनिक म्हणून भरती होता येतं. अधिकारी व्हायचं तर नागरिकत्व लागतं. सुरुवातीचं बेसिक ट्रेनिंग दहा आठवड्यांचं. सगळं प्रशिक्षण संपलं की नोकरी सांभाळून महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी सलग १५ दिवस, म्हणजे जेमतेम ३९ दिवस. त्यातले कितीतरी तास हजेरी आणि कागदपत्रांतच जातात. तेवढ्यात शिकलेला नेम गंजतो. म्हणून खऱ्या रेंजआधी, म्हणजे गोळीबाराच्या मैदानाआधी, ईएसटी सिम्युलेटर: पडद्यावरच्या लक्ष्यांवर खोट्या गोळ्या मारायचं यंत्र.

एका संचात पाच लेन असतात, म्हणजे एका वेळी पाच जण मारू शकतात. शंभर सैनिकांची कंपनी म्हणजे वीस तुकड्या. प्रत्येकीला १५ मिनिटं धरली तरी पाच तास गेले. तेव्हा वाट बघताना गप्पा मारू नका. रिकाम्या रायफलच्या नळीवर टोकाशी नाणं ठेवा आणि ट्रिगर दाबा. नाणं पडलं, तर गोळीही भरकटणार.

पडद्यावर गोळी कुठे लागली हे सगळेच बघतात. खरा माल रीप्लेमध्ये असतो. गोळी सुटण्याआधी नळी कुठे फिरत होती, त्याची रेघ दिसते. रेघ लक्ष्यावर स्थिर आणि शेवटच्या क्षणी खाली घसरलेली असेल, तर धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर हिसकलाय. रेघ वरखाली झुलत असेल, तर श्वास चुकतोय. दस्ता खांद्यात नीट बसला नसेल, तर तेही सेन्सर सांगतो. हे तिन्ही दोष एकदम सुधारायला जाऊ नका. पाच गोळ्या, एक दोष.

आता घोळ कुठे होतो? सिम्युलेटरच्या रायफलला धक्का गॅसने मिळतो. दाब उतरला की धक्का बोदा होतो, रायफल अडकते आणि नवखा स्वतःलाच दोष देत बसतो. आधी गॅस आणि त्याचा जोड तपासून घ्या. दुसरं म्हणजे झीरो, म्हणजे गोळी नेम धरलेल्या जागीच लागावी म्हणून साइट जुळवणं. इथलं झीरो इथल्याच रायफलपुरतं. आपल्या रायफलचं झीरो रेंजवर २५ मीटरवर पुन्हा करावंच लागतं.

पात्रता चाचणीत ५० ते ३०० मीटरवरची ४० लक्ष्यं असतात, पास व्हायला २३ पाडावी लागतात. दहा-दहा गोळ्यांची चार मॅगझिनं, चार पवित्रे, आणि मॅगझिन बदलताना घड्याळ थांबत नाही. सिम्युलेटरवर बहुतेक जण झोपूनच मारतात, कारण ते सोपं जातं. गुडघ्यावर आणि उभ्याने आधार घेऊन मारायचा सराव तिथेच मागून घ्या. हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट घालूनच, नाहीतर रेंजवर दस्ता बसायची जागाच बदललेली असते.