रिंगणाला निघताना कार्डांची तयारी

पालखीला जायच्या आठ दिवस आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल काढा आणि मेमरी कार्डाचा (एसडी) स्लॉट कोणत्या जातीचा आहे ते बघा: यूएचएस-१ की त्याहून वेगवान यूएचएस-२. दुकानात जाणं त्यानंतर. स्लॉट यूएचएस-१ असेल तर महागडं यूएचएस-२ कार्ड त्यात चालतं, पण यूएचएस-१ च्याच चालीने. त्याच्या पाठीवरची पिनांची दुसरी ओळ नुसती बसून राहते. यूएचएस-१ ची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट, यूएचएस-२ ची ३१२. दोन स्लॉटच्या काही कॅमेऱ्यांत एक स्लॉट वेगवान नि दुसरा संथ असतो. प्रत्येक फोटो दोन्हीकडे साठवायची सवय असेल, तर संथ कार्डाच्या पावलाने दोघांनाही चालावं लागतं.

मग हातातली कार्डं वाचा. ठळक छापलेला १७० किंवा २०० हा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, तोही खास कार्ड रीडरमध्ये मिळणारा. कॅमेऱ्याला गरज लिहिण्याच्या वेगाची. त्याची हमी बारीक चिन्हांत असते: व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. ए १, ए २ ही चिन्हं मोबाइलच्या ॲपसाठी. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. व्हिडिओवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० मेगाबिटचा फोरके व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. त्याला व्ही ३० पुरून उरतं.

आता घरीच चाचणी घ्या. शटर १/१००० वर, फोकस मॅन्युअल, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल. समोर पुस्तकांचं कपाट किंवा झाडाची पानं धरा, कोरी भिंत नको. बटण दाबून ठेवा, खडखडाट अडखळेपर्यंत फोटो मोजा, बोट उचला आणि कार्डाचा दिवा विझेपर्यंतचे सेकंद मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा, कार्ड बदला, पुन्हा करा. हिशोब सोपा आहे. समजा रॉ फाइल २५ मेगाबाइटची आणि कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो. म्हणजे दर सेकंदाला २५० मेगाबाइट तयार होतात. कार्ड ७५ च लिहितं. उरलेलं कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतं. बफर १००० मेगाबाइटचा असेल तर सहा सेकंदांच्या आत भरतो, मग दहाचे तीन फोटो होतात, आणि तो रिकामा व्हायला तेरा सेकंद लागतात. २०० ने लिहिणारं कार्ड घातलं, आणि कॅमेऱ्याला तो वेग झेपला, तर हेच काम पाच सेकंदांत उरकतं.

हे तेरा सेकंद मला खुडूस फाट्याच्या गोल रिंगणात कळले. मागून कोणीतरी सदरा ओढत म्हणत होतं, “माउली, बसून घ्या, आम्हाला पण दिसू द्या.” मी उकिडवा बसलो. घोडे आले आणि मी बटण सोडलंच नाही. घोडे छान मिळाले, एकसारखे चाळीस-पन्नास. पण ते गेल्यावर माणसं रिंगणात धावली. माझ्यासमोर एक म्हातारी खुराच्या ठशावर ओणवी झाली, चिमूटभर माती उचलून तिने आधी स्वतःच्या आणि मग कडेवरच्या नातवाच्या कपाळाला लावली. कॅमेरा तेव्हा खट्... खट्... करत मागचे घोडे लिहीत होता. नातवाच्या कपाळावरचं बोट मिळालं नाही. म्हणून माझ्या वहीत ‘किती फोटो निघतात’पेक्षा ‘दिवा कधी विझतो’ या रकान्याला मान जास्त.

नवं कार्ड घ्यायचं नसेल तर रिंगणापुरतं जेपेगवर जा. फाइल लहान, बफर बराच टिकतो. आणि बोट आवरायचा सराव करा: घोडा वळणावर आला की अर्धा सेकंद, पुन्हा समोर आला की अर्धा सेकंद. एकेक फोटो निवांत काढणाऱ्याला वेगवान कार्डाने काहीही फरक पडणार नाही. फोकस लवकर लागत नाही, रंग सुधारत नाहीत; दुकानदार काहीही म्हणो.

मुक्कामी फोटो उतरवायचे असतील तर रीडर तपासा. जुन्या यूएसबी २ च्या रीडरमधून भरलेलं ६४ जीबीचं कार्ड उतरायला अर्धा तास सहज जातो. यूएसबी ३ चा चांगला रीडर आणि ९० ने वाचणारं कार्ड असेल तर बाराएक मिनिटं. रात्री चार्जिंगच्या एका प्लगवर दहा जण टपलेले असतात, तिथे हा फरक कळतो. नवीन कार्ड आधी पूर्ण भरून, कॉम्प्युटरवर उघडून बघा, कारण खोट्या क्षमतेची कार्डं बाजारात मिळतात. जुन्या कार्डांतलं सगळं उतरवून घेतल्यावर ती कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

निघताना कार्डाचं पाकीट झिपच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात. रिकामं कार्ड सुलटं ठेवा, भरलेलं उलटं. पावसात, रेनकोटच्या आत चाचपडताना तेवढंच समजतं.