कोटिंगची काच बसवताना या चुका टाळा

पश्चिमेला समुद्र दिसावा म्हणून मोठी खिडकी ठेवली की दुपारनंतरचं ऊन घरात येणारच. त्यासाठी कोटिंगची काच घेणं योग्यच आहे, पण चार पैसे वाचवायच्या घाईत तिचं मातेरं करू नका.

सर्वांत वाईट चूक म्हणजे सॉफ्ट कोटची, म्हणजे नाजूक थराची काच डीजीयूत (मध्ये पोकळी ठेवून सील केलेल्या दुहेरी काचेत) न घालता एकेरी बसवणं. या कोटिंगमध्ये चांदीचा अतिशय पातळ थर असतो. उष्णता अडवतो तोच, पण दमट खाऱ्या हवेत तो उघडा टिकत नाही. गुहागरकडच्या एका बंगल्यात मालकांना असे तुकडे स्वस्तात मिळाले. "काका, हे डीजीयूच्या आतच सील करावं लागतं," असं मी सांगितलं होतं. "चालतं हो, काचच तर आहे!" म्हणाले. पावसाळा सरल्यावर बोलावणं आलं. रबराला लागून तपकिरी पट्टा, त्याच्या आत मोहरीएवढे डाग. नख लावलं की थर सुटत होता. पुसून जाण्यातलं ते नव्हतं, सगळ्या काचा उतरवाव्या लागल्या. एकेरीच काच हवी असेल तर हार्ड कोट, म्हणजे उघडा टिकणारा थर घ्या. आणि डीजीयू आली तरी कडेचं कोटिंग घासून काढलंय ना, ते मी माल उतरवतानाच बघतो. नसेल तर सीलखालून गंज आत शिरतो.

दुसरी चूक, उलटी बाजू. डीजीयूला बाहेरून मोजत चार पृष्ठभाग. आपल्या उन्हाला कोटिंग दुसऱ्यावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूवर हवं. तिसऱ्यावर ते थंड मुलखात घालतात. बसवण्याआधी बाहेरच्या बाजूने लायटर पेटवून धरा. काचेत चार ज्योती दिसतात, एकेका पृष्ठभागाची एक. ज्या ज्योतीचा रंग वेगळा, तिथे कोटिंग. एवढं करायलाही नव्या पोरांना सवड नसते, याची मला खरोखर चीड येते.

दोन काचांच्या मध्ये भरायच्या आर्गॉन गॅसवर खर्च करण्याआधी एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काचेतून आत येते तो आकडा विचारा. आर्गॉनचा उपयोग तापमानातल्या फरकासाठी, पण आपल्याकडे आतल्या-बाहेरच्या तापमानात फार फरक नसतो, त्रास थेट उन्हाचा. साध्या काचेचा एसएचजीसी 0.8च्या आसपास, पश्चिमेला मी 0.3च्या वर जात नाही.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन डीजीयूला लावू नका, न्यूट्रलच घ्या.

डीजीयूवर वरून काळी फिल्म चिकटवू नका. काच असमान तापून तडकते.

फ्रेमच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवू नका. पाऊस आत येतो म्हणून लोक ती बंद करतात, मग साचलेल्या पाण्यात सील भिजत राहतं आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. अशी डीजीयू दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.